बेचाळीस दिवसांचं हवामान

दिराच्या दुकानातून जुना संगणक फुकट आणला.
पोटात वितभर धूळ, धुळीत माशाचा एक खवला,
आणि पंखा असा घोरायचा की मुलं म्हणाली,
बाबा आले.

बाबा आले नव्हते. त्रोन्दुर बॅरेन्ट्स समुद्रात
बर्फाच्या कडेकडेनं जाळी ओढत होता.
अजून बेचाळीस दिवस.
जाताना म्हणाला, फुटबॉल तेवढं ठेव माझ्यासाठी.

मी क्लाक्सविकच्या कारखान्यात कॉडचे काटे काढते.
सुरी कळते मला. कर्नल कळत नव्हता.
पण कुणीतरी सगळं उघडं टाकलं होतं,
घ्या म्हणे, वापरा, मोडलं तर कळवा.
आमच्याकडे स्वेटरचा नमुना असाच फिरतो:
कुणाच्या आत्यानं बाहीपाशी दोन टाके वाढवले,
टाके राहिले, आत्या गेली.

पहिल्या रात्री नुसता काळा पडदा.
दुसऱ्या रात्री आवाज आला, चित्र नाही;
कुणीतरी अंधारात बटाट्याच्या भावाबद्दल बोलत होतं.
तिसऱ्या रात्री ट्यूनरचा ड्रायव्हरच उघडून बसले.
निम्मं डोक्यावरून गेलं. मध्येच एका ओळीवर
कुणा अनोळखी माणसानं लिहून ठेवलेलं:
इथं अर्धा सेकंद थांबावं लागतं.
का, ते मला माहीत नाही.
काढू नका.

मी त्या ओळीपाशी तासभर बसले.
केवढा धीर आला, सांगता येत नाही.

अँटेना छपरावर, गवतात, दोरानं बांधली.
खिडकीतून ह्योग्नी आकडे ओरडत होता:
चाळीस! त्रेपन्न! एकसष्ट! आई, हलू नकोस!
मी हलले नाही.
वारा हलला.
पुन्हा चाळीस.

मग एकदाचं ते चाललं. सामने साठू लागले,
मुलांची कार्टूनं, माझी एक रडकी मालिका,
आणि सात वाजताच्या बातम्या,
ज्यांच्यापुढे मी हौसेनं खूण केली: जपून ठेव.
बाकी कशापुढे करायची राहिली.
जागा संपली की सगळ्यात जुनं आधी पुसायचं,
हा नियमही मीच निवडलेला, डुलक्या घेत.

चाळिसाव्या दिवशी पाहिलं तर
एकही सामना नाही. कार्टूनं सगळी शाबूत.
बातम्या? यंत्राचं घड्याळ वीस मिनिटं मागे होतं.
ते रोज उशिरा जागं झालं
आणि रोज फक्त हवामान घेऊन बसलं.

तो आला. जॅकेटला डिझेलचा वास,
दाढीत पांढरं थोडं जास्त.
मी सूप वाढता वाढता सगळं कबूल केलं.
तो म्हणाला, बघू तर खरं. लाव.

पहिला दिवस: आग्नेयेचा वारा, तुरळक सरी.
दुसरा. तिसरा. मुलं कंटाळून झोपायला गेली.
सहाव्या दिवशी त्यानं विचारलं,
इथं ऊन होतं? या दिवशी?
होतं, म्हटलं. चादरी बाहेर घातल्या होत्या.
आमचा विंच गोठला होता, तो म्हणाला.
अकराव्याला धुकं, फेरी बंद, शाळा अर्धी.
अकराव्याला आम्हाला देवमासे दिसले.
असे आम्ही दोघं एकाच नकाशावर
दोन बाजूंनी चालत निघालो.

एकोणिसाव्या दिवशी त्यानं चित्र थांबवलं.
पडद्यावर बाईचा हात उत्तरेच्या निळ्यावर तसाच.
तो त्या निळ्याकडे बघत राहिला.
पंखा घोरत होता.
बोटीवरून उतरताना मी माणसं मोजली होती,
सगळी होती. तरीही.

मी काही विचारलं नाही.
सूप गार झालं, ते पुन्हा तापवलं.

मग त्यानंच बटण दाबलं. दिवस विसावा:
पश्चिमेचा वारा, सेकंदाला अठरा मीटर,
रात्री ओसरेल.
ओसरला का? त्यानं विचारलं.
आठवेना मला.
एकविसावा लाव, म्हटलं, त्यात कळेल.